बोटभर पाणी

कुणाचं कौतुक करताना कोणी ‘मोठा नादिष्ट माणूस होता हो’ असं म्हणालं की माझं डोकं फिरतं. नादिष्ट माणसांचं कौतुक त्यांच्या घरात ज्यांना कधी राहावं लागलं नाही, त्यांनी खुशाल करावं. मी राहिलो आहे. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मोठे हुकूम नागपूरहून यायचे, त्या काळातली ही गोष्ट. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सरकारी शाळेत मास्तर होतो आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या वकिलांच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. त्यांचं नाव सांगत नाही. सगळं गाव त्यांना वकीलसाहेब म्हणायचं, मीही म्हणायचो. एवढं सगळं होऊनही त्यांचा उल्लेख एकेरीत करायला माझी जीभ वळत नाही, आणि याचाही मला रागच येतो.

खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, पगार विचारला नाही. मी आपणहून सांगितलं, की मी नांदुऱ्याचा, वडील धान्याच्या अडतीत आहेत. त्यांनी मान हलवली आणि मला घेऊन थेट कापसाच्या जिनात गेले. तिथे रुईच्या गाठी मोजायचा मोठा काटा होता. त्यावर मला उभं केलं. हमाल बघत होते, जिनाचा मुनीम चष्मा वर करून बघत होता. वजन बघून वकीलसाहेबांचा चेहरा फुलला. म्हणाले, “मास्तर, खोली तुमची. फक्त सुटू नका.”

सुटू नका म्हणजे जाड होऊ नका. माझ्या आधी त्या खोलीत कोर्टातला एक कारकून राहायचा. त्याचं लग्न झालं, बायको सुगरण निघाली, आणि वर्षाच्या आत त्याला खोली सोडायला लागली. मला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा वाटलं, विनोदी गृहस्थ दिसतात. मी मनापासून हसलोसुद्धा.

वकीलसाहेबांची एक बोट होती. शिडाची, शर्यतीची, दोन माणसं बसतील एवढी. आता आमच्या भागात पाणी किती आणि बोटीचं काय काम, हे मी सांगायला नको. पण गावाला एक जुनं तळं होतं, बऱ्यापैकी मोठं, आणि तळ्याच्या पलीकडे बंगल्यात सरकारी बांधकामावरचे एक इंग्रज साहेब राहायचे. त्यांनी आपली बोट मालगाडीतून आणवली होती. वकीलसाहेब मुंबईला कायदा शिकताना बंदरावर बसून साहेबलोकांच्या शर्यती बघायचे; कायद्यापेक्षा तेच जास्त शिकले असं त्यांची बायको म्हणायची. साहेबांची बोट तळ्यात उतरली आणि वकीलसाहेबांच्या अंगात आलं. त्यांनीही एक बोट करवून घेतली. दर वर्षी फाल्गुन संपता संपता, साहेब चिखलदऱ्याला जायच्या आधी, दोघांची शर्यत लागायची. तळ्यात रोवलेल्या दोन बांबूंना वळसा घालून परत देवळाच्या पायऱ्यांशी यायचं. सगळं गाव बांधावर जमायचं. आणि दर वर्षी वकीलसाहेब थोडक्यात हरायचे.

त्या थोडक्यानं त्यांचं वाटोळं केलं. दणकून हरले असते तर माणूस सुटला असता. साहेबांच्या बोटीचं नाक त्यांच्या बोटीच्या नाकापुढे एवढंसंच असायचं. ते हाताचं बोट आडवं धरून मला दाखवायचे. “मास्तर, आपल्याले जास्त नाही पाहिजे. बोटभर पाहिजे.” हे वाक्य मी जेवताना ऐकलं आहे, आजारी असताना ऐकलं आहे, शाळेच्या तपासणीच्या दिवशी वर्गाच्या खिडकीतून ऐकलं आहे. आणि त्यांच्या बोटीला कोणी नाव म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. नाव म्हणजे नदी ओलांडायची, डोंगा म्हणजे भोयांचा. ही बोट. अख्ख्या गावाला त्यांनी तो शब्द पढवला होता. भाजीवालीसुद्धा ‘बोट कशी हाये’ म्हणून विचारायची.

त्या बोटभरासाठी ते काय काय करायचे. लाकूड पाणी पितं आणि जड होतं म्हणून रोज संध्याकाळी बोट पाण्याबाहेर काढून उलटी टांगायची. बुडाला काचकागद घासायचा, मग जवसाचं तेल, मग मेण, मग पुन्हा काचकागद. रंग खरवडून काढला, कारण रंगालाही वजन असतं. डोलकाठी नखभर पुढे सरकवली, पुढच्या आठवड्यात नखभर मागे. शीड आखूड केलं, लांब केलं, उसवलं, शिवलं. शर्यतीआधी शिडावर पाणी मारायचे. ओल्या कापडाची वीण फुगते, भोकं बुजतात. “कोरड्या शिडातून वारा गळून राह्यला, मास्तर,” असं सांगताना त्यांचा आवाज कातर व्हायचा. कोर्टात फाशीची केस चालवताना तो तसा झालेला कुणी ऐकला नव्हता. काठीच्या टोकाला कापसाचा एक धागा बांधलेला असायचा. तो कुठे उडतो, कधी थरथरतो, कधी लोळतो हे बघत ते बांधावर तासन्‌तास उभे राहायचे आणि पक्षकार बिचारे मागे उन्हात बसून राहायचे.

एका वर्षी गाड्या करणाऱ्या सुताराने सल्ला दिला, की वंगण घातल्यावर गाडीचं चाक कसं पळतं, तशी बोटही पळेल. वकिलीची सनद असलेल्या माणसाला हे पटलं. बुडाला गाडीचं काळं वंगण फासलं. जिनाचा हंगाम होता; हवेतून उडालेला कापूस तळ्यावर पडलेला असायचा. तो सगळा कापूस बोटीने अंगाला लावून घेतला आणि बाहेर काढली तेव्हा तिला बुडावर केस आले होते. ती शर्यत थोडक्यात नाही, चांगलीच हरली. मी हसलो, तुम्हीही हसा. पण तळ्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग आला, घागरींना वास येऊ लागला, आणि बायका तक्रार घेऊन दारात आल्या. वकीलसाहेबांनी त्यांना मानाने ओसरीवर बसवलं आणि विचारलं, तवंग देवळाच्या बाजूला जास्त आहे की बंगल्याच्या? वंगण कुठल्या वळणावर सुटलं ते त्यांना बघायचं होतं. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत निघून गेल्या.

माझं काम वजन होण्याचं. बोट कलंडू नये म्हणून तिच्या वाऱ्याच्या बाजूच्या काठावर बसायचं, त्यांनी खूण केली की मागे झुकायचं, पुन्हा केली की आत यायचं. बोलायचं नाही. शर्यत जवळ आली की माझ्या ताटावर त्यांचं लक्ष असायचं. दुसरी भाकरी घेतली की ते नुसते बघायचे. त्यांच्या बायको, त्यांना मी काकू म्हणायचो, मला मागल्या दारानं भाकरी-पिठलं आणून द्यायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, काकू, हे मला माणूस समजतात की नाही? काकू दार लोटून घेत शांतपणे म्हणाल्या, “त्याईले माणूस दिसत नाही, मास्तर. वजन दिसते.” माझी समजूत काढायला त्या तसं म्हणाल्या नव्हत्या. त्या घरात त्यांचीही जन्मभर तीच गत होती, आणि शीड शिवून शिवून त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते.

आता त्यांचे गुण. गुण नव्हते असं नाही, आणि म्हणूनच जास्त चीड येते. गरिबाची केस फुकट लढवायचे. आवाज न चढवता बोलायचे. कुणाचा राग मनात धरायचे नाहीत. मला पुढे कळलं, की दुसऱ्याचा राग त्यांना दिसायचाच नाही, मग धरणार काय. आणि ते खोटं बोलायचे नाहीत. कोर्टात त्यांच्याविषयी हीच ख्याती होती, की या माणसाने दिलेला शब्द मोडलेला कुणी पाहिला नाही. हे खरं आहे. मी शपथेवर सांगेन.

मग पाऊस दगा देऊन गेला ते वर्ष आलं. तळं अर्ध्यावरही भरलं नाही. तळ्याच्या बांधाखाली बारी लोकांचे पानमळे होते. शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या विड्याच्या पानांच्या वेली, वर झाकण, आत दिवसाही गार काळोख. तिथली पानं पार नागपूरपर्यंत जायची. पानवेल म्हणजे कापूस नव्हे. तिला पाण्याचा खाडा चालत नाही, आणि एकदा मुळातून वाळली की पुन्हा मळा उभा करायला माणसाची उमेद लागते. बांधाला एक मोरी होती, तिच्यातून मळ्यांना पाणी सुटायचं. मोरीचा हुकूम नगर कमिटीचा आणि कमिटीचे चेअरमन वकीलसाहेब.

त्या वर्षी मोरी बंद होती. कारण बोटीच्या पोटाखाली एक लोखंडी पातं असतं, ते पाण्यात खोल उतरतं, आणि तळ्याचं पाणी आणखी उतरलं तर पातं गाळात रुतणार. बारी लोक चेअरमनकडे आले. त्यांच्यात पुढे होता गणबा. वय झालेलं, पाठ वाकलेली, मुलगा साथीत गेलेला. सून आणि तो मिळून मळा बघायचे. वकीलसाहेबांच्या घरी पानं त्याच्याच मळ्यातली यायची. शर्यतीत साहेबाला हरवायचं म्हणून दर वर्षी बांधावर सगळ्यात मोठ्याने ओरडायचाही तोच.

सगळ्यांना घेऊन वकीलसाहेब देवळाच्या पायऱ्यांवर गेले. पाणी बरंच वर होतं. सगळ्यात खालची पायरी खोल दिसत होती. सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, “खालच्या पायरीवर बोटभर पाणी ठेवू. बाकी सारं तुमचं.” गणबाने हात जोडले. म्हणाला, लई झालं, साहेब. कोणी कागद मागितला नाही. वकीलसाहेबांचा शब्द होता, कागद कशाला पाहिजे होता. मलाही वाटलं, अखेर माणूस जागा झाला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो आणि ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोरी उघडली. मळ्यात पाणी गेलं. थोड्याच दिवसांत मोरी पुन्हा बंद झाली. बारी लोकांना वाटलं चपराशी चुकला असेल. गणबा तळ्यावर आला, धोतर खोचून पायऱ्या उतरत पाण्यात शिरला, पायाने चाचपत अगदी खालच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. पाणी त्याच्या कमरेला लागत होतं. आम्ही वर बांधावर बोटीला तेल लावत होतो, नेहमीची रिकामटेकडी मंडळी भोवती होती. गणबाने तिथूनच विचारलं, “वकीलसाहेब, हे बोटभर हाये काय?”

वकीलसाहेब हातातलं फडकं खाली ठेवून म्हणाले, “हो गणबा. बोटभरच हाय. आपल्या बोटीले एवढंच पाणी लागते.”

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एकाच्या आलं, तो फसकन हसला, मग दुसरा, मग सगळा बांध हसायला लागला. बोट म्हणजे हाताचं नव्हे, बोट म्हणजे ही. काय वकील आहे, काय डोकं आहे. लोकांनी गुडघ्यांवर थापा मारल्या. आणि सगळ्यात वाईट सांगायचं तर गणबाही हसला. मोठ्या माणसाने थट्टा केली की हसायचं असतं, ही त्याची जन्माची सवय. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो हसला आणि मग म्हणाला, “थट्टा झाली, साहेब. पन वेल वाळून राह्यली माही.” वकीलसाहेब म्हणाले, शर्यत होऊ दे, त्याच संध्याकाळी मोरी उघडतो. शब्द आहे माझा.

त्या रात्री नव्हे, त्याच दुपारी मी त्यांना धरलं. म्हटलं, तुम्ही त्यांना फसवलंत. त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. म्हणाले, मी काय म्हणालो होतो? बोटभर. बोट कोणती, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी म्हटलं, तुमच्या मनात तेव्हाच ही बोट होती का? त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, “दोनीही होत्या, मास्तर. मंग मले वाटलं, पाहू कोनती कामी येते.” ते हसले. तो शब्द त्यांना इतका आवडला होता की पुढे बाररूममध्ये, मुंजीच्या पंगतीत, तहसीलदाराच्या चहाला त्यांनी तो किस्सा सांगितला. प्रत्येक वेळी लोक हसले.

बंगल्यावरच्या साहेबांच्या कानावरही हे गेलं. त्यांनी निरोप पाठवला, की पाणी सोडून द्या, शर्यत पुढच्या वर्षी करू. मला साहेबाचं कौतुक सांगायचं नाही. ज्याचा बंगला, बाग आणि पाण्याची गाडी वेगळी, त्याला उदार व्हायला काय लागतं. पण निरोप आला होता हे खरं. वकीलसाहेबांनी गावात सांगितलं, की साहेब घाबरला. झालं. आता ती गावाच्या इज्जतीची गोष्ट झाली. मोरीचं नाव काढणारा साहेबाचा माणूस ठरू लागला. मी शाळेच्या हेडमास्तरांना भेटलो, कमिटीच्या मेंबरांना भेटलो. सगळे म्हणाले, थोडेच दिवस राहिलेत, कशाला वाद. एक मेंबर मला पान देत म्हणाला, पानाचं काय मास्तर, जळगावकडून येतील.

शर्यतीच्या सकाळी मी सांगितलं, की मोरी उघडल्याशिवाय मी बोटीत बसणार नाही. माझी खात्री होती, की माझ्यावाचून त्यांचं अडेल. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या प्रत्येक घासावर नजर ठेवली होती. माझ्याच वजनावर डोलकाठी सरकली होती, शीड कापलं गेलं होतं. वकीलसाहेब रागावले नाहीत, विनवणी केली नाही. गड्याला हाक मारून त्यांनी नाल्यातली वाळू एका पोत्यात भरवली, जिनाच्या काट्यावर माझ्या वजनाला जुळवली आणि पोतं माझ्या जागी बांधलं.

आणि ते जिंकले. साहेबांच्या बोटीच्या पुढे बोटभर. हाताचं बोट. बांधावरून असा ओरडा उठला की देवळातली वटवाघळं उडाली. लोकांनी वकीलसाहेबांना खांद्यावर घेतलं. माझ्याजवळ आले तेव्हा खांद्यावरूनच वाकून मोठ्या प्रेमाने म्हणाले, “पोतं बरं बसते, मास्तर. हालत नाही.” मला टोमणा मारायचा त्यांचा हेतू नव्हता. बोटीविषयीची एक माहिती ते मला देत होते. तो टोमणा असता तर मी एवढा चिडलो नसतो.

त्याच संध्याकाळी मोरी उघडली. शब्द पाळला. रात्रभर पाणी बांधाखालच्या मळ्यांत वाहत होतं, वाया जाईपर्यंत.

जिंकल्याबद्दल वकीलसाहेबांनी घरी पानसुपारी ठेवली. अख्ख्या गावाला बोलावणं. मोठा समारंभ म्हणजे विडे शेकड्याने लागणार, आणि पानं सांगायला ते दर वेळी स्वतः गणबाकडे जायचे, तसे निघाले. मलाही सोबत घेतलं. मी खोली सोडणार हे सांगून टाकलं होतं, पण त्याचा त्यांना काही फरक पडला नव्हता. मी गेलो ते गणबासाठी.

बारी माणसाचा मळा पवित्र. पायात काही घालून आत कोणी पाऊल टाकत नाही. तहसीलदार आला तरी वहाणा कुंपणाबाहेर राहतात. वकीलसाहेबांनी हा रिवाज जन्मात कधी मोडला नव्हता. शर्यतीपासून ते साहेबासारखे कापडी बूट घालायला लागले होते. ते कुंपणाशी थांबले, माझ्या खांद्याचा आधार घेतला, वाकून नाडी सोडायला लागले. मी माझ्या वहाणा काढून हातात घेतल्या होत्या.

गणबा फाटकाशी बसला होता. उठला नाही. त्याची सून आत शेवऱ्यांवरून वाळलेल्या वेली ओढून काढत होती, त्यांचा खसखस आवाज बाहेर येत होता. गणबा म्हणाला, “राहू द्या बूट, वकीलसाहेब. आत आता मळा नाही.”

वकीलसाहेबांनी वर पाहिलं. त्यांना कळलं असं मला वाटलं. अजूनही कधीकधी वाटतं, त्या क्षणी तरी कळलं असेल. मग ते पुन्हा वाकले, सोडलेली नाडी बांधली, दोन्ही टोकं सारखी ओढून बघितली आणि बूट घालून फाटकातून आत गेले. मी बाहेर उभा होतो. गणबा जमिनीकडे बघत होता. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, नेहमीसारखा, न चढलेला:

“बरं झालं गणबा, बूट काढू देल्ले नाही. आत सारा चिखल हाय.”